लाल इंजेक्शन आणि राहून गेलेला आकडा

सोमवार हा आमच्या गावचा बाजाराचा दिवस. त्या दिवशी दवाखान्यात पाय ठेवायला जागा नसते. ताप, खोकला, पोटदुखी असणारे असतातच. पण बरेच जण एकच तक्रार घेऊन येतात. "डॉक्टर, अशक्तपणा फार आलाय, काहीतरी ताकदीचं द्या." कोणाला लाल इंजेक्शन हवे असते, कोणाला पिवळी सलाईन. आपल्याकडे आजाराला नसेल इतका भाव औषधाच्या रंगाला आहे.

ही पिवळी सलाईन म्हणजे काय, ते आधी सांगून टाकतो. ग्लुकोजच्या साध्या बाटलीत जीवनसत्त्वांचे एक इंजेक्शन टाकले की त्यातील रायबोफ्लेविन, म्हणजे ब-२ या जीवनसत्त्वामुळे पाणी पिवळेधमक दिसू लागते. शरीराला त्यातले हवे तेवढे शरीर ठेवून घेते आणि उरलेले मूत्रपिंडे बाहेर टाकतात. दुसऱ्या दिवशी लघवी गडद पिवळी झाली म्हणून घाबरून येणारे रुग्ण मी अनेक पाहिले. घाबरण्यासारखे त्यात काही नाही. तुम्ही मोजलेले पैसेच वाहून जात असतात.

जीवनसत्त्वांत ताकद नसते. ताकद भाकरीत, भातात, तेलात, डाळीत असते. पाण्याच्या पंपाचे इंजिन डिझेलवर चालते; पण वंगण नसेल तर डिझेलची टाकी भरलेली असूनही ते जाम होते. जीवनसत्त्वे आणि लोह, आयोडीन, जस्त यांसारखी खनिजे वंगणाचे काम करतात. ती थोडीच लागतात, काही तर एका ग्रॅमच्या लाखाव्या भागाहूनही कमी, पण त्यांच्यावाचून काम अडते. आणि वंगण पुरेसे असताना आणखी चार डबे ओतले म्हणून इंजिन दुप्पट पाणी उपसत नाही.

माणसाला लागणारी जीवनसत्त्वे तेरा आहेत. त्या सगळ्यांची यादी मी आज देणार नाही. आज मला ब-१२ विषयी लिहायचे आहे, कारण त्याच्या बाबतीत माझ्या हातून एक चूक झाली होती. ज्यांच्या बाबतीत ती झाली, त्या गुरुजींच्या परवानगीनेच हे लिहीत आहे. "नाव घालू नका, पण लिहा जरूर," असे ते म्हणाले.

गुरुजींची गोष्ट

गुरुजी प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले, माळकरी. मांस, मासे, अंडी यांचा प्रश्नच नाही. दूध लहानपणापासून आवडत नाही आणि चहाही कोरा. आठ वर्षांपासून मधुमेह. त्यासाठी मेटफॉर्मिनची गोळी चालू. दहा-बारा वर्षांपूर्वी एकदा ते दम लागतो, जिना चढवत नाही म्हणून माझ्याकडे आले. डोळ्यांची खालची पापणी ओढून पाहिली, पांढरीफटक होती. रक्त तपासले. हिमोग्लोबिन ८.२. पुरुषाला ते १३ च्या पुढे असायला हवे.

त्यांनी मला विचारले, "लाल इंजेक्शन घेऊ का? शेजारच्यांना फार गुण आला." मी थोडा रागावलोच. उगाच इंजेक्शने टोचत नाही याचा मला अभिमान होता, अजूनही आहे. "गुरुजी, तुम्ही शिकलेले लोक असं म्हणायला लागलात तर कसं?" असे म्हणून मी त्यांना लोह आणि फॉलिक ॲसिडचे औषध लिहून दिले. तीन महिन्यांत हिमोग्लोबिन ११ वर आले. दम थांबला. गुरुजी खूश, मी खूश.

पुढच्या वर्षभरात ते तीन-चारदा येऊन गेले. पायांना मुंग्या येतात. तळव्यांखाली कापूस ठेवल्यासारखे वाटते. चालताना चप्पल पायातून केव्हा निसटते ते कळत नाही. मी म्हटले, मधुमेह आहे, त्यात असे होतेच, साखर सांभाळा. मग एकदा पहाटे काकड्याला निघालेले असताना अंधारात ओट्यावरून पडले आणि मनगट मोडून आले. त्यांच्या पत्नी सहज बोलून गेल्या, "तोंड धुताना डोळे मिटले की यांचा तोल जातो, मी पाठीला हात लावून उभी राहते." ते ऐकले आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. गुरुजींना पाय जुळवून उभे केले, डोळे मिटायला सांगितले. ते डुलायला लागले. कंप पावणारा चिमटा पायाच्या अंगठ्यावर ठेवला, त्यांना त्याची थरथर कळेना. ब-१२ ची तपासणी करून घेतली. आकडा ९२ आला. २०० च्या खाली गेला की आम्ही कमतरता म्हणतो.

त्या रात्री मी त्यांचा वर्षापूर्वीचा जुना रिपोर्ट काढून पाहिला. हिमोग्लोबिनच्या खाली, दोन-तीन ओळी सोडून, तांबड्या पेशींच्या सरासरी आकाराचा आकडा होता. तो ८० ते १०० च्या दरम्यान असावा लागतो. त्या कागदावर ११४ छापला होता. लोह कमी पडले तर पेशी लहान होतात. ब-१२ किंवा फॉलिक ॲसिड कमी पडले तर मोठ्या होतात. म्हणजे उत्तर पहिल्याच दिवशी माझ्या टेबलावर होते. मी वरचा एकच आकडा वाचला आणि कागद घडी घालून परत दिला.

रक्त सुधारले, मज्जातंतू बिघडत राहिले

रक्त वाढत असताना पाय कसे बिघडले? हे नीट समजून घेण्यासारखे आहे, कारण ही चूक फक्त डॉक्टरांच्या हातून होते असे नाही. दुकानातून रक्तवाढीचे टॉनिक आणून पिणाराही हीच चूक करीत असतो.

आपल्या हाडांमधल्या मगजात दर सेकंदाला वीस लाखांच्या आसपास तांबड्या पेशी तयार होतात. नवी पेशी बनवायची तर तिच्या केंद्रकातील मजकुराची नक्कल करावी लागते. या कामाला फॉलिक ॲसिड आणि ब-१२ ही दोन्ही लागतात. ब-१२ नसेल तर शरीरातील फॉलिक ॲसिड एका जागी अडकून पडते, नक्कल पुरी होत नाही आणि पेशी न विभागता नुसत्या फुगतात. अशा वेळी बाहेरून भरपूर फॉलिक ॲसिड दिले, तर ही अडचण टाळून काम पुढे सरकते. रक्त वाढते.

ब-१२ ला आणखीही एक काम आहे. मज्जातंतूंवर, विजेच्या तारेवर रबराचे असते तसे, एक आवरण असते. ते शाबूत राखायला ब-१२ लागतेच; तिथे फॉलिक ॲसिडचा उपयोग नाही. त्यामुळे हिमोग्लोबिन वाढत असतानाच आतल्या आत ते आवरण झिजत राहते. आधी पायांच्या बोटांपासून बधिरपणा, मग तोल जाणे, विसरभोळेपणा, चिडचिड, कधी कधी लघवीवरचा ताबा सुटणे. दुरुस्ती लवकर झाली तर बहुतेक भरून निघते. उशीर झाला तर काही भाग कायमचा जातो.

या दोन जीवनसत्त्वांची गल्लत जुनीच आहे आणि तिचा एक धागा आपल्या मुंबईत आहे. १९२८ साली लूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर बाई मुंबईला आल्या. कापड गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायकांना एक जीवघेणा रक्तक्षय होत असे, त्याचा शोध त्यांना घ्यायचा होता. हाफकिन संस्थेत त्यांनी काम केले. या बायकांच्या रक्तातही पेशी मोठ्या दिसत. त्याच्या दोनच वर्षे आधी, १९२६ मध्ये, अमेरिकेत मायनॉट आणि मर्फी यांनी दाखवून दिले होते की मोठ्या पेशींच्या एका प्राणघातक रक्तक्षयात रोज भरपूर यकृत खाऊ घातले तर रोगी वाचतो. पुढे १९३४ मध्ये त्यांना व्हिपल यांच्याबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले. पण त्या रोगावर चालणारा यकृताचा शुद्ध अर्क विल्सबाईंच्या प्रकारच्या रक्तक्षयाला लागू पडेना. गुण आला तो यीस्टच्या अर्काने, ब्रेडला लावून खातात त्या मार्माइटने. म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही रोग सारखे दिसत होते, पण त्यांत उणीव वेगवेगळी होती. विल्सबाईंनी ही माहिती १९३१ मध्ये प्रसिद्ध केली. यीस्टमधला तो घटक १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून वेगळा काढला गेला आणि लॅटिनमधील पानाच्या नावावरून त्याला फॉलिक ॲसिड म्हणू लागले. यकृतातला दुसरा घटक, ब-१२, हाती लागायला १९४८ साल उजाडले. त्याचे स्फटिक लालभडक निघाले, कारण त्याच्या मध्यभागी कोबाल्ट या धातूचा एक अणू बसलेला असतो. बाजाराच्या दिवशी मागितले जाणारे लाल इंजेक्शन लाल असते ते यामुळेच. गुरुजींनी मागितले होते ते त्यांना हवेच होते आणि मी त्यांना त्याबद्दल बोल लावला होता!

येथे एक गैरसमज होऊ नये म्हणून लिहितो. गरोदर बायकांनी लोह-फॉलिक ॲसिडच्या गोळ्या बंद करायच्या नाहीत. बाळाच्या पाठीचा कणा नीट जुळून येण्यासाठी फॉलिक ॲसिड गर्भधारणेच्या आधीपासून लागते. मोठ्या पेशींचा रक्तक्षय असेल, तर ब-१२ पाहिल्यावाचून नुसत्या फॉलिक ॲसिडवर राहू नये, एवढेच माझे म्हणणे.

कोणाला कमी पडते?

ब-१२ वनस्पतींत नसते. ते फक्त जिवाणू तयार करतात. गाई-म्हशींच्या पोटातील जिवाणूंकडून ते दुधात आणि मांसात उतरते. मासे, अंडी, मटण, दूध, दही, ताक एवढेच त्याचे स्रोत. शेवगा, पालक, मोड आलेली मटकी, सोयाबीन हे सगळे उत्तम अन्न आहे, जरूर खावे, पण त्यात ब-१२ नाही. हिरव्या शेवाळाच्या गोळ्याही या नावाखाली विकल्या जातात. त्यात ब-१२ सारखा दिसणारा पदार्थ असतो, पण आपल्या शरीराला त्याचा उपयोग होत नाही.

"आमच्याकडे दुभती जनावरं आहेत," असे सांगणाऱ्या घरांतही मला कमतरता सापडते. खोलात गेलो की कळते, सकाळ-संध्याकाळचे दूध डेअरीला जाते. घरात उरते ते चहापुरते, आणि ते पुरुषांच्या आणि पोरांच्या वाट्याला. सुनेच्या ताटात पातळ ताक आले तर आले. चहातील चमचाभर दुधाने ही गरज भागत नाही. दिवसाला दोन कप दूध किंवा दही पोटात गेले तर साधारणपणे भागते. अंडे चालत असेल तर फारच सोपे.

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील मातांचा अभ्यास सुरू केला. त्यांत सुमारे दोन-तृतीयांश गरोदर स्त्रियांच्या रक्तात ब-१२ कमी आढळले. फॉलिक ॲसिड मात्र जवळजवळ कोणालाच कमी नव्हते. ज्या मातांमध्ये फॉलिक ॲसिड जास्त आणि ब-१२ कमी होते, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला शरीर कमी दाद देत असल्याचे, म्हणजे पुढे मधुमेहाकडे नेणारी वाट असल्याचे, २००८ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केले. हे निष्कर्ष आपल्याच भागातल्या शेतकरी घरांतले आहेत, हे लक्षात घ्या.

शाकाहाराशिवायही कारणे आहेत. वय वाढले की जठरातील आम्ल कमी होते आणि अन्नातले ब-१२ सुटे होत नाही. वर्षानुवर्षे ॲसिडिटीची गोळी घेणाऱ्यांचेही तेच. आणि मेटफॉर्मिन. हे औषध चांगले आहे, स्वस्त आहे, मी ते रोज लिहून देतो; पण दीर्घकाळ घेतल्यास ब-१२ चे शोषण कमी करते. अशा रुग्णांचे ब-१२ अधूनमधून तपासावे, असे आता मधुमेहाच्या मार्गदर्शक सूचनांतही सांगितलेले असते. हे वाचून कोणी गोळी मनाने बंद करू नये. गोळी चालू ठेवून तपासणी करायची.

जीभ लाल आणि गुळगुळीत होणे, वारंवार तोंड येणे, हातांच्या बोटांची पेरे काळवंडणे, पायांना मुंग्या, अंधारात तोल जाणे ही लक्षणे दिसली तर डॉक्टरांना दाखवावे. आणखी एक विसरू नये. आईला ब-१२ कमी असेल तर तिच्या दुधातही ते कमी उतरते. सहा-आठ महिन्यांचे गुटगुटीत बाळ हसायचे थांबते, धरलेली मान सोडते, हातपाय थरथरतात, केस विरळ होतात. लोक दृष्ट काढत बसतात. अशा बाळाला त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांकडे न्यावे. वेळेत इंजेक्शन मिळाले तर काही दिवसांत बाळ पुन्हा हसू लागते. डॉक्टरकीच्या आयुष्यात इतका आनंद देणारे प्रसंग थोडे असतात.

लोह, ड आणि बाटलीबंद अँटिऑक्सिडंट

आता बाकीच्यांविषयी थोडक्यात. लोहाच्या कमतरतेचा रक्तक्षय हाच आपल्याकडे सर्वांत जास्त. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आढळला. त्यांना गोळ्या मिळतात, पण त्या चहाबरोबर घेतल्या जातात. चहा लोहाला आतड्यात अडवतो. जेवण आणि चहा यांत तासाभराचे अंतर ठेवा, पालेभाजीवर लिंबू पिळा, नाहीतर ताटात आवळ्याची फोड असू द्या. क जीवनसत्त्वामुळे लोह चांगले शोषले जाते. मूळव्याध, पाळीतला अतिरक्तस्राव, जंत यांचा शोध न घेता नुसते लोह देत राहणे म्हणजे गळक्या हंड्यात पाणी भरणे. आणि पुरुषाला किंवा पाळी गेलेल्या बाईला लोह कमी पडले, तर आतड्यातून रक्त जात नाही ना हे पाहायलाच हवे.

ड जीवनसत्त्वाच्या साठ हजार युनिटच्या पुड्या आता घरोघरी आहेत. ही पुडी आठवड्यातून एकदा, ठरावीक आठवडेच घ्यायची असते. एका काकूंनी ती दुधातून रोज घेतली. दीड महिन्याने उलट्या, बद्धकोष्ठ, बडबड अशा अवस्थेत त्यांना आणले. रक्तातला कॅल्शियम भलताच वाढला होता. अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वे चरबीत साठतात, ती लघवीवाटे सहज निघून जात नाहीत.

आणि अँटिऑक्सिडंट. हा शब्द आता चहाच्या पुड्यापासून फेसक्रीमपर्यंत सगळीकडे छापलेला असतो. चिरलेले वांगे उघडे ठेवले की काळे पडते. हवेतल्या ऑक्सिजनचा तो परिणाम. शरीरातही ऑक्सिजन वापरताना काही आक्रमक कण तयार होतात आणि पेशींना इजा करतात. त्यांना आवर घालणाऱ्या द्रव्यांना अँटिऑक्सिडंट म्हणतात. क आणि ई जीवनसत्त्वे, गाजरातील बीटा कॅरोटीन ही त्यांतलीच. भाज्या-फळे भरपूर खाणाऱ्यांना काही रोग कमी होतात, हे दिसत होते. मग तीच द्रव्ये गोळीत भरून द्यावीत, असे वाटणे साहजिक होते.

फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९ हजारांहून अधिक पुरुषांवर हा प्रयोग झाला. काहींना बीटा कॅरोटीन, काहींना ई, काहींना दोन्ही, काहींना खोटी गोळी. १९९४ मध्ये निकाल लागला. बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कर्करोग कमी व्हायचा तो १८ टक्के जास्त निघाला. अमेरिकेत असाच एक प्रयोग, बीटा कॅरोटीन आणि अ जीवनसत्त्व एकत्र देऊन, चालू होता. तिथेही कर्करोग वाढतो असे दिसल्यावर तो १९९६ च्या जानेवारीत मुदतीआधी बंद करावा लागला. माझ्याकडे एक ट्रकचालक येतो. दिवसाला दोन बंडल विड्या आणि मुलाने पाठवलेली अँटिऑक्सिडंटची महागडी कॅप्सूल. विड्यांचा दोष कॅप्सूलने निघतो, असा त्याचा हिशेब. हे आकडे मी त्याला दोनदा सांगितले. कॅप्सूल त्याने सोडली. विड्या अजून सोडलेल्या नाहीत. गाजर, टोमॅटो, पेरू, आवळा खाण्याने मात्र असा धोका नाही, ते त्याने आणि तुम्हीही खुशाल खावे.

गुरुजींना आधी एक दिवसाआड, मग आठवड्याला आणि नंतर महिन्याला एक अशी ब-१२ ची इंजेक्शने दिली. सहा महिन्यांत तोल बराच सावरला. विसराळूपणा गेला. तळव्यांचा बधिरपणा मात्र पूर्ण गेला नाही आणि हातात काठी आली ती कायमचीच. मी त्यांना सगळे खरे सांगितले तेव्हा ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "डॉक्टर, पेपर तपासलात, पण मागचं पान उलटायचं राहिलं."

अजून ते महिन्याच्या पहिल्या गुरुवारी इंजेक्शनला येतात. नवा रिपोर्ट असला की चष्मा पुसतात, काठी टेबलाला टेकवतात आणि मला प्रत्येक आकडा मोठ्याने वाचायला लावतात.